कपाशीच्या ओळी आणि एक शेरा

बुऱ्हाणपूरला जाऊन आलो असं सांगितलं की नागपुरात लोक दोनच प्रश्न विचारतात. मावा-जिलबी आणलीत का, आणि ताजमहालाच्या बेगमेला आधी पुरलं होतं ती जागा पाहिलीत का? जिलबी आणली होती. भुसावळपर्यंत ती मांडीवर जपून ठेवली आणि बडनेरा यायच्या आत मीच संपवली. ती जागा मात्र पाहिली नाही. तिच्यापासून थोड्याच अंतरावर मी कपाशीच्या एका शेतात उभा होतो, आणि तिथून निघाल्यावर मला काही बघायची इच्छा उरली नव्हती.

ज्यांनी ते गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो. पण यात गावाचं कमी आणि माझंच जास्त येणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी नागपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मॅट्रिकच्या मुलांसाठी मी मराठीत एक पुस्तक लिहिलं आहे आणि ते बऱ्यापैकी खपतं. त्यातलं सातवं प्रकरण लोकांना विशेष आवडतं. मूलद्रव्यांची मांडणी कशी होत गेली, याची ती गोष्ट आहे. गेल्या शतकात मूलद्रव्यं एकेक करून सापडत होती, पण कोणाला कोणाशेजारी बसवावं याचा मेळ लागत नव्हता. एका जर्मनाने तीन-तीनचे गट पाडले. लिथियम, सोडियम, पोटॅशियम असा एक गट. त्यात मधल्याचं वजन दोन टोकांच्या सरासरीइतकं भरतं. पुढे लंडनच्या एका रसायनतज्ज्ञाने सगळी मूलद्रव्यं वजनाच्या क्रमाने ओळीत लावली. त्याला दिसलं की दर आठवं मूलद्रव्य पहिल्याच्या वळणाचं निघतं, सप्तक संपून पुन्हा सा यावा तसं. विद्वानांच्या सभेत त्याने हे मांडलं तेव्हा एकाने विचारलं, मूलद्रव्यं नावांप्रमाणे अकारविल्हे लावून पाहिलीत का? त्याचं सगळ्यांनी हसू केलं. मोठी चूक त्याने एवढीच केली होती की कुठेही रिकामी जागा सोडली नव्हती. जे अजून सापडलंच नव्हतं त्याची जागा पुढच्याने बळकावली, कुठे एकाच घरात दोघांना कोंबलं, आणि ओळ पुढे जाईल तशी बिघडत गेली. काही वर्षांनी एका रशियनाने जागा सोडल्या. ॲल्युमिनियमच्या खाली इथे अमुक वजनाचा, अमुक स्वभावाचा धातू येईल, असं त्याने आधीच सांगून ठेवलं. पाच-सहा वर्षांत तो धातू सापडला.

हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. माझ्या पुस्तकात याशिवाय कपाशी आहे. शेतात उभ्या आणि आडव्या रेघा मारतात आणि जिथे फुली पडते तिथे सरकी टोकतात. मग पिकातून तण काढायचं कोळपं उभंही चालतं आणि आडवंही. मूलद्रव्यांचं तसंच आहे: आडवं गेलं की वजन वाढत जातं, उभं गेलं की स्वभाव जुळतो. एखाद्या फुलीवर बी उगवलं नाही तर त्या मोकळ्या जागेला नांगी म्हणतात. शेतकरी पुढचं रोप तिथे सरकू देत नाही, नांगी राखतो. कुठे एका फुलीवर दोन रोपं दाटली असतील तर त्यातलं जास्तीचं उपटून तो नांगीत लावतो आणि ओळ पुरी करतो. हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. रशियनाने नांग्या राखल्या, लंडनवाल्याने राखल्या नाहीत, असं म्हणून मी प्रकरण संपवलं आहे.

ही उपमा माझी नाही.

सात वर्षांपूर्वी क्रमिक पुस्तकांच्या एका समितीसाठी मी हस्तलिखितं तपासत असे. हस्तलिखितावर लेखकाचं नाव नसायचं, नुसता आकडा असायचा. एका बाडाला गुंडाळलेला टपालाचा कागद मात्र तसाच राहिला होता आणि त्यावर बुऱ्हाणपूरचा शिक्का होता. त्यात मूलद्रव्यांची मांडणी उभ्या-आडव्या फुल्यांनी आणि नांग्यांनी समजावलेली होती. मी त्या वेळी नुकताच प्राध्यापक झालो होतो आणि आपण कोणी तरी आहोत हे लोकांना कळावं, अशी मला घाई होती. मी शेरा लिहिला: ‘लेखकाने रसायन व शेतकी यांची गल्लत केली आहे. मूलद्रव्ये अकारविल्हे लावली असती तरी याहून बरे झाले असते. अग्राह्य.’ लंडनच्या त्या बिचाऱ्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी हळहळून सांगत होतो, आणि त्याला मारलेला टोमणा मी जसाच्या तसा उचलून दुसऱ्याला मारला. शेरा लिहून झाल्यावर मी तो शेजारच्या सभासदाला वाचून दाखवला. तो हसला, आणि मला बरं वाटलं.

पुढे तीन वर्षांनी वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी भरलेल्या वर्गात हा धडा काही केल्या कोणाच्या डोक्यात शिरेना. तेव्हा माझ्या तोंडून नांग्या निघाल्या. पोरांना झटकन कळलं. पुढच्या वर्षी मी तेच पुन्हा सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षी लिहिलं, आणि पुस्तक छापून आलं तोवर हे मला आंघोळ करताना सुचलं होतं, अशी माझी खात्री झाली होती.

लालबाग

यंदा, छप्पन साली, राज्यांची नवी जुळणी ठरली त्या पावसाळ्यातली ही गोष्ट. बुऱ्हाणपूरच्या एका हायस्कुलाने विज्ञान मंडळाच्या उद्‌घाटनाला बोलावलं. शिक्क्याची आठवण मला झाली नाही, असं मी इथे लिहिणार होतो. झाली होती. पण एवढ्या मोठ्या गावात शाळा काही एकच नाही, असा मी हिशेब केला.

स्टेशन गावात नाही, लालबागेत आहे. तिथून टांगा करावा लागतो. फलाटावर एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ माझं पुस्तक छातीशी धरून उभे होते. परीटघडीची टोपी, कोट मात्र कोपरावर रफू केलेला. ‘सुपडू महाजन. सायन्स शिकवतो,’ म्हणाले आणि माझी बॅग त्यांनी हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

‘साहेब, तुमी लोक तर मुंबई राज्यात चालले,’ टांग्यात बसल्यावर ते म्हणाले. ‘आमी राह्यलो इकडं. नोव्हेंबरपासून आमची राजधानी भोपाळ. आजपर्यंत नागपूर घरचं होतं. आता तुमच्याकडं यायचं म्हटलं तर परक्या राज्यात येनं होईल.’

‘मास्टरजी, ताप्ती तो यहीं रहेगी ना?’ टांगेवाला मागे न बघताच म्हणाला.

‘हौ भाई, ती कुठं जाते.’

गावात हे असंच चालतं. प्रश्न हिंदीत आला तर उत्तर मराठीत जातं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही नागपूरकर हिंदी बोलतो तेव्हा आपण हिंदी बोलतो आहोत हे आम्हाला ठाऊक असतं. इथे बोलणाऱ्याला आपण भाषा कधी बदलली याचा पत्ताच नसतो.

माझा मुक्काम मास्तरांकडेच होता. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी देतात; या घरी केळ्यांची अख्खी फणी समोर ठेवली आणि त्यातली तीन संपेपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. जेवायला कळण्याची भाकरी होती, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, वर शेवेची झणझणीत भाजी. शेवटी दराबा आला. रवा, तूप आणि साखर घोटून घोटून असा हलका केलेला की तोंडात घातल्यावर चावायचं काही राहत नाही. मी दोनदा मागून घेतला. मास्तरांच्या पत्नी, सुभद्रावहिनी, वाढत होत्या. कमी बोलणाऱ्या, पण पाहुण्याच्या ताटावर बारीक लक्ष.

हात धुवायला उठलो तेव्हा फळीवरच्या बरण्या दिसल्या. प्रत्येक बरणीला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. लिंबू. कैरी. मिरची. वाटोळं, ठसठशीत अक्षर, आणि शब्दावरची रेघ दोन्ही बाजूंना चांगली बोटभर पुढे गेलेली. ते अक्षर मी पाहिलेलं होतं. त्या बाडाचं प्रत्येक पान याच रेघांनी भरलेलं होतं, आणि ‘अक्षर बायकी आहे’ अशीही एक थट्टा मी तेव्हा केली होती.

‘अक्षर कोणाचं?’ मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

‘हिचं,’ मास्तर कौतुकाने म्हणाले. ‘सातवी पास हाय. माझे सगळे कागद हीच लिहिते. माझं अक्षर म्हंजे कोंबडी नाचून गेली समजा. आमी दोघांनी मिळून एक पुस्तकबी लिहिलं होतं साहेब. जाऊ द्या, ते काही जमलं नाही.’ मग माझं पुस्तक त्यांनी समोर ठेवलं. सातव्या प्रकरणाची पानं हाताळून मऊ पडली होती. ‘पन हे वाचलं तवा मी हिला म्हटलं, बघ, एवढ्या मोठ्या मानसाला तेच सुचलं. म्हंजे आपलं खोटं नव्हतं.’

मी पाणी मागितलं.

पाणी प्यायल्यावर त्यांनी पुस्तकावर दोन शब्द लिहून मागितले. ‘श्री. सुपडू महाजन यांस सस्नेह’ असं मी लिहिलं. वहिनींनी पदराला हात पुसून पुस्तक घेतलं आणि त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. सातवी पास बाई, सावकाश वाचत असेल, असं मला वाटलं.

शाळा

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाआधी हेडमास्तरांच्या खोलीत चहा झाला. हेडमास्तर गोल आणि आनंदी गृहस्थ. मास्तर खुर्च्या मांडायला गेले होते.

‘आमचे महाजन मास्तर तुमचे फार मोठे भक्त हायेत,’ हेडमास्तर हसून म्हणाले. ‘भक्तीपायी बिचारे अडकले. गेल्या साली इन्स्पेक्टरसाहेब आले तवा हे वर्गात नांग्या शिकवून राह्यले होते. साहेबांनी तुमचं पुस्तक वाचलेलं. म्हणाले, ये कहाँ से लिया? हे म्हणाले, माझंच हाय, पंधरा सालांपासून शिकवतो. आता सांगा!’

‘मग?’

‘मग काय? सेवापुस्तकात शेरा बसला. दुसऱ्याचं लेखन स्वतःचं म्हनून सांगतात. नदीपलीकडं नवं हायस्कूल निघून राह्यलं, तिथं हेडमास्तर म्हनून यांचंच नाव होतं. ते त्या शेऱ्यापायी अडकलं. नोव्हेंबरात सगळी सेवापुस्तकं नव्या राज्याकडं जातील. तिकडं यांना कोन ओळखतं? शेराच वाचतील. मानूस भला हाय, पन खोटं बोलायचं काय काम होतं?’

त्या क्षणी तोंड उघडायला काय हरकत होती, हे मी त्यानंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खोलीत आम्ही दोघंच होतो. वाक्यही लांब नव्हतं. चहा छान झाला आहे, असं मी म्हणालो.

सभागृह गच्च भरलं होतं. मुलं खाली सतरंजीवर, शिक्षक खुर्च्यांवर, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला मास्तर, मांडीवर वही घेऊन. जर्मन झाला, लंडनवाला झाला. अकारविल्हेच्या टोमण्याशी आल्यावर मी खाकरलो आणि पुढे गेलो. मग नांग्यांवर आलो. हेडमास्तरांनी मध्येच उत्साहाने विचारलं, ‘साहेब, हे सुचलं कसं, ते सांगा ना मुलांना.’

माझे वडील कोर्टात कारकून होते. आमचं शेत नाही, कधी नव्हतं. मी म्हणालो, ‘लहानपणी आजोळी शेतावर जात असे. तिथे बायका दाटलेली रोपं उपटून नांग्यांत लावताना पाहिल्या होत्या.’

मागच्या बाजूने खुसखुस सुरू झाली. ती पुढे सरकत आली आणि बघता बघता अर्धं सभागृह हसायला लागलं. मला काही कळेना. माझा हात धोतराच्या सोग्याकडे गेला. एका दांडग्या मुलाला राहवलं नाही. तो उठून म्हणाला, ‘सर, कपाशीचं रोप उपटून लावलं तर मरते ना! मूळ तुटते त्याचं. नांगीत बी टाकतात.’

आता सगळेच हसत होते. मास्तरांच्या बाडात काय होतं ते मला अगदी त्या क्षणी आठवलं. ‘त्याच वाणाची सरकी पुन्हा टोकावी आणि वाट पाहावी,’ असं तिथे होतं. वाट पाहण्यात मला काही गंमत वाटली नव्हती, म्हणून पुस्तक लिहिताना मी ते वाक्य सुधारलं होतं. सुधारताना मी पुन्हा लंडनवाल्याचीच चूक केली होती. शेजारचं उचलून रिकाम्या जागेत घालायचं, की झाली ओळ पुरी.

मास्तर उठले. मला वाटलं, आता बोलणार. बोलायला त्यांना सगळी जागा होती. माझ्या पुस्तकातली चूक त्यांच्या शिकवण्यात कधीच नव्हती. त्यांनी माझं उचललं नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणाला सापडला नसता.

‘गप बसा रे,’ ते मुलांना म्हणाले. ‘आपल्याकडं बी टाकतात. साहेबांच्या वऱ्हाडात दुसरी रीत असंल. प्रत्येक मुलखाची रीत येगळी राहते.’

मुलं गप्प झाली. मी भाषण पुरं केलं. टाळ्या पडल्या, हार पडला, मंडळाचं उद्‌घाटन झालं. तो हार गळ्यात घालून टांग्यात बसताना मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तो काढून मांडीवर ठेवला. मास्तरांना वाटलं, फुलं मला टोचताहेत. त्यांनी तो स्वतःच्या हातात धरला.

जैनाबाद

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, नदीपलीकडे जैनाबादला आमचं शेत आहे, तिथे नांग्या भरणं चाललं आहे, साहेबांनी बघायलाच पाहिजे. त्यात खोच नव्हती. खोच असती तर मला सोपं गेलं असतं.

पावसाने आठ दिवस उघडीप दिली होती, पाणी उतरलं होतं आणि नाव चालू होती. तापी आमच्या नागनदीसारखी नाही. पैलतीर दिसतो, पण हाक पोचत नाही. नावेत आमच्याबरोबर दोन शेळ्या, एक सायकल आणि नेपानगरच्या कागद कारखान्यात नव्याने लागलेला एक तरुण होता. नव्या नोकरीचं त्याला इतकं अप्रूप होतं की पगार सोडून सगळं त्याने आम्हाला सांगितलं. पलीकडे उतरताना माझा उजवा बूट काळ्या चिखलात रुतला आणि पाय तेवढा वर आला. मास्तरांनी कोपरापर्यंत हात घालून बूट काढला, नदीत धुतला आणि माझ्यापुढे ठेवला. नको नको म्हणालो, पण मी काठावर एका पायावर उभा होतो. त्या अवस्थेत माणसाच्या म्हणण्याला फारसं वजन राहत नाही.

शेत पाहिलं आणि मी थांबलोच. चार पानांवर आलेली कपाशी, उभी ओळ सरळ, आडवी ओळ सरळ, तिरकी बघितली तरी सरळ. गेली काही वर्षं मी फळ्यावर हे खडूने काढत होतो. प्रत्यक्ष आज पहिल्यांदा पाहिलं. मास्तरांचे धाकटे भाऊ एकनाथ कोळपं धरून होते. बायका ओळीओळीने वाकून पुढे सरकत होत्या. मोकळी फुली दिसली की बोटाने खड्डा, दोन सरक्या, वर माती, आणि पुढे. वहिनीही त्यांच्यात होत्या. एकनाथभाऊंनी केळीची नवी लावण दाखवायला मास्तरांना बांधापलीकडे नेलं, आणि मी ओळीच्या टोकाला एकटा राहिलो. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि खाली बघतच माती उकरू लागल्या.

‘भाऊ, एक इचारू?’ त्या म्हणाल्या. दोन दिवस त्या मला साहेब म्हणत होत्या.

‘विचारा ना, वहिनी.’

‘आमच्या पुस्तकावर शेरा मारला तो तुमीच ना?’

मी वाकून बुटावरची माती खरवडू लागलो.

‘परवा तुमी नाव घालून दिलं ना, तवाच अक्षर ओळखलं. तो कागद माझ्या पेटीत हाय. हे म्हणाले, फाडून टाक. मी नाही फाडला. ते पुस्तक उतरवायला मला तीन महिने लागले होते, भाऊ. चुलीपाशी बसून लिहिलं. एक पान चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आनि तुमी त्याच्यावर दोन ओळी लिहिल्या.’

‘वहिनी, माझं चुकलं.’

‘हसले तुमी, ते बी चाललं असतं. आमचं कोनी हसून वापस केलं, असं समजलो असतो. पन मंग तेच तुमी छापलं.’ त्यांनी एका नांगीत दोन सरक्या टाकल्या आणि माती दाबली. ‘असं टाकतात बघा. पुढच्या पुस्तकात कामी येईल तुमच्या.’

आयुष्यात मला पुष्कळ वेळा फटकारलं गेलं आहे. एवढं हळू आवाजात कोणी फटकारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क असलाच तर तो माझा नव्हता.

‘मास्तरांना माहीत आहे?’ मी विचारलं.

‘मी नाही सांगितलं. तुमी येनार म्हनून ते आठ दिवसांपासून टोपीला नीळ देऊन राह्यले. कसं सांगू?’

‘मी काय करू?’

आता त्यांनी वर पाहिलं. ‘मला काय इचारता? इन्स्पेक्टरसाहेबांना कागद लिहा. खरं काय ते लिहा. बाकी आमाला काही नको.’

‘लिहितो,’ मी म्हणालो. ‘नागपूरला पोचल्या पोचल्या लिहितो.’

बांधावरून मास्तरांची हाक आली. बेगमेची जागा इथून जवळच आहे, येता का? माझं डोकं दुखतं आहे, असं मी सांगितलं. ते लगेच काळजीत पडले आणि त्यांनी डोक्यावर घ्यायला आपला ओला रुमाल दिला. संध्याकाळच्या गाडीला जिलबीचा पुडा घेऊन ते स्टेशनवर आले होते. गाडी सुटताना त्यांनी फलाटावरून दोन्ही हात जोडले.

नागपूर

पोचल्या पोचल्या मी लिहिलं. पहिला मसुदा एका पानाचा झाला. नांग्यांची उपमा श्री. महाजन यांची आहे, त्यांचं हस्तलिखित मी नाकारलं, ते मी पुढे वापरलं, शेरा माझ्या नावावर पाहिजे. वाचून पाहिलं आणि कॉलेजातल्या सहकाऱ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. दुसऱ्या मसुद्यात ‘नाकारलं’ गेलं. तिसऱ्यात ‘वापरलं’ही गेलं. तिसरा मसुदा फार सुंदर उतरला होता. विज्ञानाच्या इतिहासात एकच कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचल्याचे दाखले आहेत, मूलद्रव्यांची मांडणीसुद्धा त्या रशियनाला आणि दुसऱ्या एका जर्मनाला एकाच सुमारास सुचली होती, तसंच श्री. महाजन यांचं आणि माझं झालं असावं, तरी त्यांना दोष देऊ नये, अशी विनंती. यात खोटं कुठे आहे ते दाखवा, असं मी स्वतःलाच विचारलं आणि तो टपालात टाकला.

तीन आठवड्यांनी मास्तरांचं पत्र आलं. अर्थातच वहिनींच्या अक्षरात, मास्तरांनी सांगितलेलं आणि त्यांनी उतरवलेलं. आनंद नुसता ओसंडत होता. इन्स्पेक्टरसाहेबांनी जुना शेरा रद्द केला, नव्या हायस्कुलासाठी नाव पुढे गेलं. नवा शेरा सेवापुस्तकात चढला आहे, त्याची नक्कल त्यांनी अभिमानाने धाडली होती: ‘प्राध्यापक महोदयांच्या औदार्यामुळे पूर्वीचा दोषारोप मागे घेण्यात येत आहे.’ मास्तरांनी पुढे लिहवलं होतं की आपण मला त्या रशियनाच्या आणि जर्मनाच्या पंगतीला बसवलंत, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

म्हणजे आता त्यांच्या सेवापुस्तकात मी उदार म्हणून नोंदलो गेलो, आणि तसाच नव्या राज्यात जाणार.

पत्राखाली मास्तरांची कोंबडीच्या पायांची सही होती. सहीच्याही खाली, कागद दुमडतो त्या घडीत, वाटोळ्या अक्षरात दोन ओळी जास्तीच्या होत्या. ‘तुमचं पत्र इन्स्पेक्टरसाहेबांनी यांना दाखवलं. मीही वाचलं. हे खूश आहेत. मी नाही.’

ते पत्र आलं त्या दिवसापासून मी वर्गात सातवं प्रकरण शिकवलेलं नाही. पहिला मसुदा खणात होता. काल तो एक शब्दही न बदलता इन्स्पेक्टरांना पाठवला. नोव्हेंबरला अजून महिना आहे. सेवापुस्तक निघायच्या आत तो पोचावा. पुस्तकाच्या छापखान्यालाही कळवलं आहे. सातवं प्रकरण कोणाचं ते पुढच्या आवृत्तीत पहिल्या ओळीत येईल.

हा लेख संपादकांकडे जाईल आणि छापून येईल. छापील अक्षर सगळ्यांचं एकसारखंच दिसतं, म्हणून याची एक प्रत मी स्वतःच्या हाताने उतरवून काढली. अकरा पानं झाली, चार दिवस लागले, दोन पानं चुकली म्हणून पुन्हा लिहिली. ती बुऱ्हाणपूरच्या पत्त्यावर सुभद्राबाई महाजन यांच्या नावाने आज टाकतो आहे. अक्षर त्यांच्या ओळखीचं आहे. त्या शेऱ्याखाली मी सही केली नव्हती. याच्याखाली केली आहे.